सहलीचा शेवटचा दिवस आणि आईची बाटली
आईने हौसेने नोंदवलेल्या परदेश सहलीला, ती गेल्यानंतर दोन महिन्यांनी, मी एकटीच गेले. इतके दिवस गर्दीत निभावले; शेवटच्या दिवशी सामान भरताना मात्र हात थांबले, कारण परतल्यावर दार उघडायला ती नसणार होती. तिच्या गुलाबपाण्याची तळाशी उरलेली बाटली माझ्या पर्समध्ये होती. आत द्रव कितीही कमी असला, तरी १०० मिलिलिटरहून मोठी बाटली विमानतळावर हातातल्या सामानाच्या सुरक्षा तपासणीत अडवली जाऊ शकते, हे ओळखून सहल व्यवस्थापकांनी आदल्या रात्रीच ती मोज्यात गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवायला लावली. निरोपाच्या वेळी मनोगताचा आग्रह नको होता. एवढे सोडल्यास या सहल कंपनीची सेवा मी मनापासून वाखाणते.