वॉशिंग मशीन पाणीच घेत नव्हतं: वर्षभराच्या वापरानंतर (इंदूर)

धुण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. सात किलोचं फ्रंट लोड आहे, सासऱ्यांची पांढरी धोतरं आणि मुलांचे शाळेचे मोजे दोन्ही लख्ख निघतात. बाकी फीचर्स सगळ्यांना ठाऊक आहेत, ती लिहीत बसत नाही. मला लिहायचंय ते मशीनच्या पाठीमागे, पाण्याचा पाइप लागतो तिथे आत बसवलेल्या एका जाळीबद्दल.

उन्हाळा लागला आणि मशीनने पाणी घेणं सोडलं. बटण दाबलं की दार लॉक झाल्याचा टक आवाज यायचा, मागून बारीक गुणगुण ऐकू यायची, आत जेमतेम धार पडायची आणि थोड्या वेळाने पाण्याचा एरर. एलजीवर आयई येतो, सॅमसंगवर ४सी येतो, तोच प्रकार.

कंपनीचा माणूस आला. नळ उघडा आहे ना ते पाहिलं, पाइप हलवला आणि म्हणाला, "मैडम, वाल्व गया." वाल्व म्हणजे मशीनमध्ये पाणी सोडणारी विजेवरची झडप. वॉरंटी चालू आहे म्हटलं, तर म्हणे खाऱ्या पाण्याने बिघडलेलं त्यात धरत नाहीत. अठराशेचं एस्टिमेट, व्हिजिटचे पैसे वेगळे. पाइप सोडवला नाही, जाळी बघितली नाही. मला सगळ्यात जास्त संताप याचा आला.

शेजारचे काका वीज मंडळातून रिटायर झालेत. त्यांनी आधी प्लग काढायला लावला, मग मल्टिमीटर लावला. वाल्वच्या कॉइलचं, म्हणजे तो उघडणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचं, रीडिंग चार किलोओहमच्या आसपास आलं. "सूनबाई, कॉइल जळली असती तर मीटर हललाच नसता," ते म्हणाले. शिवाय गुणगुण येतेय म्हणजे वाल्वपर्यंत वीज पोचतेय, म्हणजे बोर्ड आणि दाराचं लॉकही ठीक. मग अडलंय ते पाणीच. पाइप मशीनकडून सोडवून बादलीत धरला तर पाणी बऱ्यापैकी येत होतं. म्हणजे अडथळा त्याच्या पुढे.

नळ बंद करून काकांनी बारीक तोंडाच्या पकडीने जाळी ओढून काढली. बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची जाळी. अर्धी भोकं पांढऱ्या क्षाराने बुजलेली, तळाशी काळसर रेती आणि मधोमध गुंडाळी होऊन बसलेला टेफलॉन टेपचा तुकडा. तो टेप नळ बसवताना प्लंबरचाच सुटलेला. आमच्या टाकीत जलूदहून पंपाने आलेलं नर्मदेचं पाणी आणि बोरिंगचं पाणी एकत्र होतं, उन्हाळ्यात बोरिंगच जास्त, त्यामुळे क्षार येणारच. जाळी लिंबाच्या फुलाच्या (सायट्रिक ॲसिडच्या) पाण्यात भिजवली, जुन्या टूथब्रशने घासली, परत बसवली. मशीन भराभर भरलं. खर्च काहीच नाही.

इतकी महत्त्वाची जाळी मागे का? मशीन भिंतीला टेकलेलं, ओढायला दोन माणसं लागतात. पाणी बाहेर जाण्याच्या फिल्टरला पुढे छान झाकण दिलंय, मग या जाळीलाही पुढून हात पोचेल अशी सोय का नाही? डेमो देणाऱ्याने डिटर्जंटवर केवढं तरी सांगितलं, जाळीबद्दल चकार शब्द नाही.

पण सगळा दोष जाळीचा नाही, हे पुढे कळलं. टाकी भरलेली असली की मशीन चालायचं, अर्धी झाली की पुन्हा रडगाणं. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतात, त्यामुळे टाकी अर्धी हे रोजचंच. मॅन्युअलमध्ये पाण्याचा दाब ०.३ ते १० बार दिलाय. १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण १ बार, तेव्हा ०.३ बारसाठी टाकीतलं पाणी वाल्वच्या किमान ३ मीटर वर हवं. आमचं मशीन पहिल्या मजल्यावर आणि टाकी जिन्याच्या छतावर, म्हणजे काठावर पास. या वाल्वमध्ये वीज फक्त एक बारीक भोक उघडते, रबरी पडदा उचलतं ते पाण्याचा स्वतःचा दाब. दाब कमी असला की पडदा नीट उचलला जात नाही आणि धार करंगळीएवढी राहते.

जो तो म्हणाला प्रेशर पंप बसवा. त्याचे पाच-सहा हजार, वर वीज आणि आवाज. मी मशीन खाली मागच्या अंगणात आणलं. एक मजला उतरलं की ३ मीटरचा दाब फुकट मिळतो.

तिथे नवीनच गंमत. पाणी जोरात यायचं, पण मशीन भरायचंच नाही. प्लंबरने सांडपाण्याचा पाइप सरळ जमिनीलगत मोरीच्या भोकात खुपसला होता, त्यामुळे आलेलं पाणी तिकडून आपोआप ओढलं जात होतं. त्या पाइपाचं टोक जमिनीपासून ६० ते १०० सेंटिमीटर उंच हवं आणि त्याच्या भोवती हवा जायला जागा हवी. खोक्यासोबत आलेला वाकडा प्लास्टिकचा हूक त्याचसाठी असतो, फेकू नका. तो भिंतीला अडकवला आणि मशीन मार्गी लागलं.

आता नळालाच सियागंज बाजारातून आणलेला पारदर्शक वाटीचा छोटा फिल्टर लावलाय. पावसाळ्यात पहिलं गढूळ पाणी आलं तेव्हा वाटीच्या तळाशी मातीचा थर दिसला. वाटी फिरवून काढायची, धुवायची, परत लावायची. मशीन जागचं हलवावं लागत नाही. ही वस्तू मशीनबरोबर कंपनीनेच द्यायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

वाल्व तोच जुना आहे आणि मशीन रोज दोन खेपा धुतंय. व्हिजिटचे पैसे परत मिळावेत म्हणून कंपनीला मेल केलाय आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवलीय. काय उत्तर येतंय ते कळवीन.