किनारा सोडून तंबू कुठे ठोकायचा: तलावाकाठी की डोंगरात?

समुद्रकिनाऱ्यावर दिवस छान जातो. त्रास सुरू होतो तो तंबूत आडवं झाल्यावर. दिवसभर उष्णता साठवलेलं पाणी रात्री सावकाश थंड होतं, हवा दमट राहते आणि उन्हाळ्यात अंगाला कापड चिकटतं. कोरड्या वाळूत साधी खुंटी धरत नाही. रुंद पात्याच्या खुंट्या तरी आणाव्या लागतात, नाहीतर वाळूने भरलेल्या पिशव्या पुरून त्यांना दोऱ्या बांधाव्या लागतात. सावली जवळपास नसते. खारी हवा आणि बारीक वाळू मिळून तंबूच्या चेनची वाट लावतात. भरतीचं पाणी कुठवर येतं हे न बघता तंबू लावला तर मध्यरात्री सामान उचलून पळायची वेळ येते.

याला कंटाळून लोक दुसरीकडे बघू लागतात आणि तलाव की डोंगर असा प्रश्न उभा राहतो. फोटो बघून तो सुटत नाही, कारण फोटो दिवसाचे असतात आणि दिवसा दोन्ही जागा सुंदरच दिसतात. कॅम्पिंगचा निकाल लागतो रात्री दहा ते सकाळी सात या वेळात: झोप लागली का, थंडी वाजली का, अंथरूण ओलं झालं का. म्हणून या दोघांची तुलना मी रात्रीपासून करतो आणि दिवसाकडे नंतर वळतो.

तलावाकाठची रात्र

समुद्राच्या मानाने तलावाकाठी रात्र थंड असते, पण ओलावा सुटत नाही. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री तंबूच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरतात. तुमच्या श्वासातली वाफ आणि पाण्यावरून आलेली दमट हवा गार कापडाला लागली की तिचं पाणी होतं. पहाटे कुशीवर वळलात आणि स्लीपिंग बॅगचं पायाकडचं टोक तंबूच्या कापडाला टेकलं की तेवढा भाग ओला झालाच म्हणून समजा. उपाय दोन आहेत. थंडी वाटली तरी खिडक्या थोड्या उघड्या ठेवायच्या, आणि तंबू काठापासून लांब, जरा उंचावर लावायचा.

पाण्यापासून किमान 60 मीटर लांब राहावं, हा कॅम्पिंगमधला जुना संकेत आहे. तो मुळात पाणी स्वच्छ राहावं आणि प्राण्यांची पाण्यावर यायची वाट अडू नये म्हणून आहे, पण त्याचा फायदा तुम्हालाही होतो. दव कमी पडतं आणि डासही कमी येतात. डास उथळ, गवताळ, साचलेल्या पाण्यात वाढतात आणि वाऱ्यात त्यांना नीट उडता येत नाही. त्यामुळे लव्हाळ्यांनी भरलेल्या शांत कोपऱ्यापेक्षा वाऱ्याकडे तोंड केलेली दगडगोट्यांची बाजू झोपायला बरी.

तलाव धरणाचा असेल तर पाण्याची पातळी मानवी निर्णयावर हलते. आज कोरडा दिसणारा सपाट काठ उद्या पाण्याखाली असू शकतो. काठावरच्या दगडांवर आणि झाडांच्या बुंध्यांवर पाण्याची जुनी रेषा दिसते. तिच्या वरच थांबायचं.

आवाजाबद्दल बुकिंग करताना कुणी विचार करत नाही. रात्री पाण्यालगतची हवा थंड आणि वरची हवा तुलनेने उबदार असते. अशा वेळी आवाज वर निघून जाण्याऐवजी खाली वळतो आणि पाण्यावरून लांबवर पोचतो. समोरच्या काठावरच्या टोळक्याचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू येतं. समुद्राची गाज असले आवाज झाकून टाकते, तलाव झाकत नाही. शांततेसाठी तलाव निवडत असाल तर एकाच काठावर कॅम्पग्राउंड असलेला, मोटारबोटींना बंदी असलेला तलाव शोधा. गर्दीच्या तलावापेक्षा आडबाजूचा डोंगर झोपेला केव्हाही चांगला.

तलावातलं पाणी

समुद्राला पर्याय म्हणून तलावाकडे जाण्याचं मुख्य कारण पाणी, तेव्हा इथे जरा थांबू. लाटा नाहीत, भरती-ओहोटी नाही, आत ओढणारा प्रवाह बहुतेक लहान तलावांत नाही, डोळ्यांत मीठ जात नाही. लहान मुलांच्या आईवडिलांना हा मोठा दिलासा वाटतो. तो खरा आहे, पण अर्धाच. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचं वजन साधारण 1025 किलो असतं, गोड्या पाण्याचं 1000. फरक छोटा दिसतो, पण समुद्रात सहज तरंगणाऱ्या माणसाला तलावात तरंगायला कष्ट पडतात, दमही लवकर लागतो. शिवाय अनेक तलावांचा तळ एकदम खाली जातो. वाळूच्या किनाऱ्यावर खोली पावलापावलाने वाढते, इथे एक पाऊल गुडघाभर पाण्यात आणि पुढचं अधांतरी असं होऊ शकतं. काठ उथळ आहे असं वाटलं तरी मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच.

उन्हाळ्यात खोल तलावाचं पाणी थरांत विभागलं जातं. वरचा थर उबदार, आणि त्याखाली एकदम गार पाणी. गोडं पाणी 4 अंश सेल्सियसला सर्वांत जड असतं, म्हणून गार पाणी तळाशी बसून राहतं. वर आरामात पोहणाऱ्याने सूर मारला की दोन-तीन मीटरवरच अंगावर काटा येऊ शकतो. एकदम गार पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास आपोआप जोरजोरात ओढला जातो आणि नेमकं तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर चांगला पोहणाराही बुडू शकतो. काठावरून चालत, हळूहळू आत जा. अनोळखी तलावात उडी नको.

पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला तर त्या दिवशी पोहणं रद्द. हे निळं-हरित शेवाळ उन्हाळ्याच्या शेवटी, वारा पडलेला असताना जास्त माजतं. त्याच्या काही जाती विष तयार करतात आणि पाणी उकळून ते विष जात नाही. काठावर पाणी चाटणारे कुत्रे याला बळी पडतात, लहान मुलांनाही धोका असतो. पंचाईत अशी की तलावाचं पाणी पोहायला सर्वांत उबदार असतं तेही याच दिवसांत. त्यामुळे उन्हाळ्याच्या उत्तरार्धात जाणार असाल तर त्या आठवड्यातली पाण्याची स्थिती विचारूनच निघा.

वाऱ्याचा मात्र हिशेब पक्का असतो. डोंगरांमधल्या मोठ्या तलावांवर सकाळी एक वारा आणि दुपारी उलटा असा नेमच असतो. इटलीतल्या गार्डा तलावावर पहाटे उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्याला पेलेर म्हणतात, दुपारी दक्षिणेकडून येणाऱ्याला ओरा, आणि शिडाच्या होड्यांचं वेळापत्रक त्यांवर ठरतं. साध्या तलावावरही दुपारी पाणी खवळतं आणि संध्याकाळी निवतं. कायाक किंवा पॅडलबोर्ड न्यायचा असेल तर सकाळ त्यासाठी राखून ठेवा.

डोंगरातली रात्र

दर 1000 मीटर चढल्यावर हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. खाली रात्री 28 अंश असतील तर 1500 मीटरवर साधारण 18. उकाड्याने झोप न लागणाऱ्यांना याहून मोठं कारण लागत नाही. हवा कोरडी असेल तर तंबूही कोरडा राहतो. झोपेच्या कसोटीवर उन्हाळ्यातला मध्यम उंचीचा डोंगर तलाव आणि समुद्र या दोघांनाही मागे टाकतो, असं मला ठामपणे वाटतं. अट एकच, जागा नीट निवडायची.

रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते आणि खोलगट जागी साचते. म्हणून ओढ्याकाठचं ते सुंदर हिरवं कुरण रात्री सर्वांत गार असतं, आणि त्याच्या थोडं वर, उताराच्या मध्यावर असलेली सपाट जागा काही अंशांनी उबदार. अगदी माथ्यावर वारा झोडपतो. तेव्हा तळही नको आणि माथाही नको. पूर्वेकडे उघडी जागा मिळाली तर सकाळचं ऊन लवकर येतं आणि तंबू गुंडाळायच्या आत वाळतो. अरुंद दरीत याच्या उलट. सूर्य डोंगराआड लवकर जातो आणि तापमान झपकन उतरतं. जागा ठरल्यावर एकदा वर बघा. वाळलेली फांदी किंवा उभं मेलेलं झाड डोक्यावर असेल तर तिथून हला.

थंडी वरून जितकी लागते त्याहून जास्त खालून लागते. स्लीपिंग बॅगचा पाठीखालचा भाग अंगाच्या वजनाने दबतो आणि त्यातली ऊब जाते, म्हणून खरं काम मॅट करते. मॅटवर आर-व्हॅल्यू लिहिलेली असते, आकडा जितका मोठा तितकी जमिनीची थंडी कमी लागते. किनाऱ्यासाठी घेतलेली पातळ हवेची मॅट इथे चालत नाही. स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं छापलेली असतात, एक आरामाचं आणि एक मर्यादेचं. खरेदी आरामाच्या आकड्यावर करा. मर्यादेच्या तापमानाला माणूस अंग आखडून कशीबशी रात्र काढतो. आणि कितीही गारठा असला तरी तंबूच्या आत शेगडी किंवा निखारे नकोत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

आपण शून्याच्या जवळ जाणाऱ्या थंडीत असू तर शेगडीही दगा देते. साध्या ब्यूटेनच्या डब्यातल्या गॅसचं वायुरूप होणं शून्य अंशाच्या आसपास थांबतं आणि डबा भरलेला असूनही ज्योत मरते. प्रोपेन मिसळलेला डबा घ्या. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, 3000 मीटरवर 90 अंशांच्या आसपास, त्यामुळे शिजायला जास्त वेळ आणि जास्त इंधन लागतं. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळून प्यायचं: एक मिनिट खळखळून, 2000 मीटरच्या वर तीन मिनिटं. डोंगरातल्या काही कॅम्पग्राउंडवर पाणी अजिबात नसतं, आणि एक लिटर म्हणजे एक किलो वजन पाठीवर, हा हिशेब चढण्याआधी करायचा.

दिवसाची बाजू थोडक्यात. चालायला वाटा, सावली, आणि दर काही तासांनी बदलणारा देखावा. हवा गार असल्याने ऊन जाणवत नाही, पण अतिनील किरणं दर 1000 मीटरला साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, त्यामुळे चेहरा किनाऱ्याइतकाच भाजतो. डोंगरात पावसाळी ढग दुपारी जमतात. मोठी चढाई सकाळीच उरका आणि गडगडाट ऐकू आला की माथ्यावरून खाली या. तंबू विजेपासून वाचवत नाही, बंद गाडी वाचवते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. 2500 मीटरच्या वर पहिल्याच रात्री झोपायचं ठरवलं असेल तर डोकेदुखी आणि मळमळ होऊ शकते. त्रास वाढला तर औषधांची वाट न बघता खाली उतरणं हाच इलाज.

डोंगरातला तलाव घेतला तर?

दोन्ही एकत्र मिळावं असं सगळ्यांनाच वाटतं, आणि दिसायला त्याला तोड नाही. पण इथे दोन्हींच्या अडचणीही एकत्र येतात. तलाव खोऱ्याच्या तळाशी असतो, म्हणजे रात्री थंड हवा साचते नेमकी तिथेच, शिवाय पाण्याचा दमटपणा. पाणीही गार. अमेरिकेतला टाहो तलाव साधारण 1900 मीटर उंचीवर आहे, 501 मीटर खोल आहे आणि त्याच्या खोल पाण्याचं तापमान भर उन्हाळ्यातही चार-पाच अंशांच्या आसपास असतं. अशा तलावाकडे पोहण्यासाठी जाऊ नका. काठाने चालणं, सकाळी होडी, संध्याकाळी नुसतं बघत बसणं यासाठी जा, आणि तंबू काठावर न लावता वरच्या टप्प्यावर लावा.

मग कुणी कुठे जावं

मुलं लहान असतील आणि त्यांना समुद्रासारखी पाण्याची मजाच हवी असेल तर कमी उंचीचा, पोहण्यासाठी राखीव जागा असलेला तलाव. गाडी तंबूपर्यंत जाते, सामान हवं तितकं नेता येतं, विसरलेली वस्तू जवळ मिळते. वयस्कर माणसं बरोबर असतील तरी हेच, कारण रात्री स्वच्छतागृहापर्यंतची वाट सपाट असते आणि ही गोष्ट देखाव्यापेक्षा मोठी आहे.

किनारा सोडण्याचं कारण उकाडा आणि गर्दी असेल तर डोंगर, 1000 ते 2000 मीटरच्या पट्ट्यात. उबेच्या सामानावर खर्च करायची तयारी नसेल तर हा बेत पुढे ढकला. पातळ मॅट घेऊन गेलेलं कुटुंब पुन्हा कॅम्पिंगचं नाव काढत नाही.

आणि ज्याला क्षितिज हवं आहे, लाटांचा अखंड आवाज हवा आहे, अनवाणी मैलभर चालायचं आहे, त्याला या दोन्ही जागा कमीच पडतील. त्याने समुद्रच धरावा, फक्त ऋतू बदलावा: उन्हाळा संपल्यावर, पाणी अजून उबदार आणि हवा निवळलेली असताना जावं. साठवलेली उष्णता सावकाश सोडण्याचा समुद्राचा गुण तेव्हा कामी येतो.

बुकिंग करताना फोनवर जागेचा नंबर विचारून थांबू नका. ती जागा खोलगट आहे की उंचावर, सकाळचं ऊन किती वाजता येतं, पाणी आणि स्वच्छतागृह किती पावलांवर आहे, जमीन मातीची आहे की खडकाळ, हे विचारा. खडक असेल तर खुंट्या आत जाणार नाहीत, स्वतःच्या आधारावर उभा राहणारा तंबू आणि दगडांना बांधायला जादा दोऱ्या लागतील.