घरी बांधलेल्या फ्लँजरसाठी कोणती बीबीडी आयसी घ्यावी? अकरा महिने वापरून झाल्यावर

बेळगावजवळ सांबऱ्याच्या विमानतळाकडच्या रस्त्याला थांबून विमान डोक्यावरून जाताना ऐकलं असेल, तर तुम्ही फ्लँजर ऐकलेला आहे; गिटारचा फ्लँजर पेडल हाच आवाज काढतो. इंजिनाचा आवाज एकदा थेट कानावर येतो आणि एकदा जमिनीवर आपटून, किंचित उशिरा. दोन्ही एकत्र झाले की काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. तिथंच खाली बसून बघा. ती झूऽऽ वर सरकते, कारण कान जमिनीजवळ गेल्यावर दोन वाटांमधला फरक कमी होतो. ३४ सेंटिमीटरचा फरक म्हणजे साधारण १ मिलिसेकंदाचा उशीर. १ मिलिसेकंदाला पहिला खड्डा, म्हणजे खाल्ला गेलेला स्वर, ५०० हर्ट्झला पडतो, दुसरा १५०० ला, तिसरा २५०० ला. उशीर कमीजास्त होत राहिला की हे सगळे खड्डे एकदम वरखाली सरकतात, आणि आपल्याला विमान उडाल्यासारखं वाटतं.

हे आधी सांगायचं कारण एवढंच, की आयसी निवडताना मी बरेच दिवस चुकीची गोष्ट बघत होतो. मी नाव बघत होतो. बघायचा होता तो उशीर, आणि तो किती खाली उतरतो ते.

मी शहापूरला रेडिओ-टीव्ही आणि आता बहुतेक अॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. भाचा गिटार वाजवतो. कॅम्पातल्या चर्चमध्ये, गणपतीत ऑर्केस्ट्राबरोबर, आणि सीझनला चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन. त्याच्यासाठी गेल्या मार्चमध्ये पहिला फ्लँजर बांधला. तेव्हापासून चार वेगवेगळ्या आयसी वापरून झाल्या.

बीबीडी (बकेट ब्रिगेड डिव्हाइस, सिग्नलला उशीर लावणारी आयसी) ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. गावात आग लागली की विहिरीपासून रांग लावून घागरी हातोहात पुढं देतात, तसंच या आयसीत होतं. आत हजारभर छोटे कॅपॅसिटर असतात आणि क्लॉकच्या ठोक्यावर प्रत्येक जण आपला चार्ज पुढच्याला देतो. १९६९ साली फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर यांनी ही कल्पना काढली. क्लॉकच्या एका पूर्ण फेरीत चार्ज दोन पायऱ्या पुढं सरकतो, म्हणून १०२४ पायऱ्यांना ५१२ फेऱ्या लागतात. उशीर काढायचा तर ५१२ ला क्लॉकच्या फ्रिक्वेन्सीनं भागा. एवढा एक भागाकार पाठ असला तर बाजारात कुणी फसवू शकत नाही.

पहिला पेडल मी व्ही ३२०७ आणि तिच्या जोडीची क्लॉक आयसी व्ही ३१०२ घेऊन बांधला. कूलऑडिओची व्ही ३२०७ ही पॅनासॉनिकच्या एमएन ३२०७ ची आजही नवी मिळणारी आवृत्ती आहे. बोर्ड पहिल्याच दिवशी बोलला. आवाज गोड, गरम, कोरससारखा, म्हणजे एका गिटारच्या दोन झाल्यासारखा. भाच्यानं अर्धा तास वाजवलं आणि म्हणाला, "मामा, छान आहे, पण विमान उडंना की ओ."

त्याचं बरोबर होतं. एमएन ३२०७ च्या डेटाशीटमध्ये क्लॉक २०० किलोहर्ट्झपर्यंत दिलाय. भागाकार करा: २.५६ मिलिसेकंद. म्हणजे सगळ्यात कमी उशिरालाही पहिला खड्डा १९५ हर्ट्झला. गिटारच्या तिसऱ्या तारेच्याही खाली. खड्डे इतके दाट पडतात की त्यांचं सरकणं कानाला वेगळं कळतच नाही. कोरसला हे चालतं, फ्लँजरला नाही.

मला आधी वाटलं आयसीच हलकी. म्हणून दोन महिने जुन्या नावांच्या मागं घालवले, त्याबद्दल पुढं लिहितो. खरी अडचण क्लॉक देणाऱ्याची होती. ३२०७ च्या प्रत्येक क्लॉक पायाला सुमारे ७०० पिकोफॅरॅड कपॅसिटन्स आहे. वेग वाढवला की तो भरायला आणि रिकामा करायला ताकद लागते. माझ्या बोर्डवर ३१०२ ला वर ढकललं तर स्कोपवर चौकोनी लाटेचे कोपरे गोल झालेले दिसायचे आणि आवाज फाटायचा. मग ३१०२ काढून टाकली. ४०४६ मधला व्हीसीओ (व्होल्टेजनं वेग बदलणारा ऑसिलेटर), त्याच्यापुढं ४०१३ नं दोन भाग करून उलटसुलट दोन फेज, आणि शेवटी ४०४९ चे तीन-तीन इन्व्हर्टर जोडून प्रत्येक फेजला बफर. क्लॉक ५१२ किलोहर्ट्झला गेला. उशीर बरोबर १ मिलिसेकंद. डेटाशीटच्या आकड्याच्या अडीचपट वेग आहे, आणि व्ही ३२०७ नं तो तेव्हापासून झेललाय. त्या संध्याकाळी भाचा "आता उडालं" एवढंच म्हणाला आणि रात्री दहापर्यंत उठला नाही.

हा बदल करणाऱ्यानं एक गोष्ट लक्षात ठेवावी. ३१०२ काढली की चौथ्या पायाचं, म्हणजे व्हीजीजीचं व्होल्टेज जातं. ते पुरवठ्याच्या १४/१५ लागतं आणि ३१०२ ते आतूनच देत असते. मी १ के आणि १५ के चा डिव्हायडर करून त्यावर एक कॅपॅसिटर टाकला. हे विसरलो तेव्हा आयसी मेली असं समजून दुसरी लावली होती. तीही गप्पच. दोन्ही चांगल्या होत्या.

आता जुन्या नावांबद्दल. एमएन ३००७ मला एका बंद पडलेल्या कोरस पेडलमधून मिळाली. तिच्याही पायऱ्या १०२४, पायांची मांडणीही ३२०७ सारखीच, आणि धोका तिथंच आहे. ३००७ पी-चॅनेल आहे, तिला उणे पुरवठा लागतो. ३२०७ च्या बेसमध्ये सरळ बसवली तर पुरवठा उलटा बसतो. मी वेगळा बोर्ड केला आणि १५ व्होल्टवर चालवली. आवाज खरोखर शांत आहे. गिटारचा जोराचा फटका ३२०७ पेक्षा जास्त सहन करते, मंद वाजवताना मागची सूसू कमी येते. घरी ट्रान्सफॉर्मरच्या पुरवठ्यावर मी अजून हीच ऐकतो. पण स्टेजसाठी ९ व्होल्टपासून १५ करायला ७६६० सारखा व्होल्टेज वाढवणारा पंप लावला, तर तो साधारण १० किलोहर्ट्झवर चालतो आणि क्लॉकशी भांडून बारीक शिट्टी देतो. ही शिट्टी काढण्यात माझा एक अख्खा रविवार गेला आणि ती पूर्ण गेली नाही.

एसएडी १०२४ चं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. रेटिकॉनची ही आयसी, आत ५१२ पायऱ्यांचे दोन वेगळे भाग, आणि क्लॉक दहा लाख हर्ट्झच्याही वर झेलते. इलेक्ट्रिक मिस्ट्रेस आणि एडीए फ्लँजर या जुन्या पेडलांमध्ये हीच होती, म्हणून ते इतके वर उडायचे. ती बनणं कधीच बंद झालं. मी एक ऑनलाइन मागवली. अक्षरं इतकी ताजी पांढरी की तेव्हाच शंका आली. ॲसिटोनचा बोळा फिरवल्यावर अक्षरं बोळ्यावर आली. आत काय होतं देव जाणे, सिग्नल नव्हता. त्या पैशांत चार व्ही ३२०७ आल्या असत्या. या आयसीच्या मागं लागू नका, असं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक पोराला कळकळीनं सांगतो. तिची करामत पायऱ्या कमी आणि क्लॉक जलद यात आहे. पायऱ्या कमी हव्या असतील तर ५१२ पायऱ्यांची एमएन ३२०४ बघा. माझ्याच क्लॉकवर ती अर्धा मिलिसेकंद देईल.

चौथी होती ३२०७ चीच एक स्वस्तातली नक्कल, पाच नग. नाव घालत नाही. पाचही चालतात, पण प्रत्येकीचा बायस (इनपुटला लागणारं स्थिर व्होल्टेज) वेगळ्या ठिकाणी लागतो आणि दोन जास्त सूसू करतात. शिकायला घ्या, स्टेजला नको.

आणखी एक प्रश्न नेहमी येतो: पीटी २३९९ चालेल का? फ्लँजरला नाही. ती बीबीडीच नाही, आतून डिजिटल आहे, आणि तिचा उशीर साधारण ३० मिलिसेकंदांच्या खाली उतरत नाही. इकोसाठी उत्तम.

बायसबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण निम्मे लोक इथंच आयसीला दोष देतात. इनपुटचं व्होल्टेज पुरवठ्याच्या अर्ध्याच्या आसपास लागतं, पण नेमकं कुठं ते प्रत्येक नगाचं वेगळं. म्हणून फिक्स रेझिस्टर नको, प्रीसेट (स्क्रूनं फिरवायचा रेझिस्टर) हवाच. स्कोप असेल तर सिग्नल वाढवत न्या, वरची आणि खालची बाजू एकदम कापली जाईल तिथं प्रीसेट सोडा. स्कोप नसेल तर जोरात एक कॉर्ड मारा आणि तो विझताना ऐका. शेवटी खरखरला तर बायस सरकलेला आहे. सातव्या आणि आठव्या पायाच्या दोन आउटपुटमध्येही एक प्रीसेट टाका. दोन्ही समतोल झाले की क्लॉकची कुरकुर बरीच मरते.

पावसानं वेगळाच धडा दिला. जुलैत, खानापूरकडून ढग आले की आठवडा आठवडा ऊन नसतं तेव्हा, पेडलचा मॅन्युअल नॉब (उशीर हातानं लावायचा) रोज वेगळ्या जागी लागायला लागला. आयसी बदलून पाहिली, फरक नाही. दोष बोर्डवर राहिलेल्या सोल्डरच्या फ्लक्सचा होता. ओलावा धरून तो मेगओहमच्या रेझिस्टरांशेजारी वाट काढत होता. आयसोप्रोपिल आणि टूथब्रशनं घासून वाळवलं, वर वार्निशचा हात मारला. गणपतीचे अकरा दिवस मांडवात, पाण्याच्या शिंतोड्यात, तो जागचा हलला नाही.

एक व्ही ३२०७ मात्र मी गमावली. ९ व्होल्टचा एक साधा अॅडॉप्टर लोडशिवाय १३ देत होता, आणि ३२०७ ची मर्यादा १० ची. आता पेडलमध्येच ७८०९ (व्होल्टेज ९ वर धरणारी आयसी) आहे आणि बाहेर १२ चा अॅडॉप्टर. भाच्याला हे आवडत नाही, कारण बाकीचे पेडल ९ वर चालतात आणि त्याला एक जास्तीचा अॅडॉप्टर वागवावा लागतो. त्याची तक्रार रास्त आहे. अजून मला दुसरी सोय सुचलेली नाही. जॅकजवळ लाल रंगानं १२ लिहून दिलंय.

डिसेंबरात तो पेडल चर्चमध्ये नाताळच्या कॅरोलना वाजला. फीडबॅक कमी, वेग अगदी मंद. ऑर्गनच्या मागं गिटार नुसती श्वास घेतल्यासारखी वाटत होती. आता निपाणीच्या त्याच्या एका मित्रासाठी दुसरा बांधायला घेतलाय. व्ही ३२०७ च, ४०४९ च्या बफरसकट. उरलेल्या तीन आयसी काळ्या फोममध्ये टोचून ठेवल्यात आणि प्रत्येकीचा बायस मोजून डबीच्या झाकणावर लिहिलाय.