रेसिडेन्सी प्रोग्रामची इन्स्टा पेजेस, जळगावातून बघितलेली (५ पैकी ३.५)

यंदा अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीला (आपल्याकडच्या एमडी मेडिसिनसारखं पीजी ट्रेनिंग) अप्लाय करतेय, म्हणून उन्हाळाभर तिकडच्या प्रोग्रामची इन्स्टाग्राम पेजेस, ट्विटर हँडल्स नि झूमवरचे ओपन हाऊस (प्रोग्राम स्वतःची माहिती देतो नि प्रश्न घेतो ती मीटिंग) बघून काढलेत. धुळ्याला किंवा जळगावला एमबीबीएस केलेल्याला मॅच झालेला, म्हणजे तिकडे सीट मिळालेला, सीनिअर पटकन सापडत नाही, पुण्यामुंबईच्या पोरांचं तसं नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

२०२० मध्ये कोविडमुळे तिकडचे इंटरव्ह्यू ऑनलाइन झाले, हॉस्पिटल फिरून बघणं नि आदल्या रात्री रेसिडेंट्ससोबत जेवायला जाणं सगळंच बंद, तेव्हा भरपूर प्रोग्रामनी ही अकाउंट्स उघडली. आपल्याला ते बरंच पडलं, इंटरव्ह्यूसाठी स्वतःच्या पैशाने या शहरातून त्या शहरात विमानं पकडावी लागायची ते वाचलं. आणि आपल्याकडे कसं, नीट पीजीचा रँक आला की चॉइस फिलिंग करा, कॉलेजला तुम्ही कोण याच्याशी घेणंदेणं नाही. तिकडे दोघंही याद्या लावतात, तुम्ही प्रोग्रामची नि प्रोग्राम तुमची, आणि मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी, म्हणजे मॅच डेला, कळतं कुठे लागलात. त्यांनाही चांगली मुलं हातची जाऊ द्यायची नसतात, म्हणून पेज सजवतात.

सजावट म्हणजे डोनट, कोरलेले भोपळे, डोंगरावरचे फोटो, कुणाचा तरी कुत्रा. त्यात वेळ घालवू नका. खरी कामाची पोस्ट मॅच डेनंतर येते, नव्या इंटर्न्सचे (तिकडे पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला इंटर्न म्हणतात) फोटो नि खाली प्रत्येकाचं मेडिकल कॉलेज. मागच्या तीनचार वर्षांच्या या पोस्ट उघडून बसा, भारतातली किंवा निदान बाहेरच्या देशातली मुलं दिसतायत का बघा, एकही नसेल तर तिथे पैसे घालू नका. २०२५ च्या सीझनपासून अर्जाचे पहिल्या ३० प्रोग्रामना प्रत्येकी ११ डॉलर नि त्यापुढे प्रत्येकाला ३० डॉलर लागतात, शंभर ठिकाणी टाकलं तर किती होतात ते घरी बाबांना सांगून बघा. दुसरी बघायची पोस्ट डिसेंबरातली, फेलोशिप मॅचची, म्हणजे रेसिडेन्सीनंतरच्या सुपरस्पेशालिटीची. कार्डिओलॉजी, गॅस्ट्रोला कोण गेलं हे प्रोग्राम स्वतःहून अभिमानाने टाकतो, नि दरवर्षी टाकणारा अचानक एका वर्षी गप्प असेल तर ओपन हाऊसला विचारा की.

टेकओव्हर मला सगळ्यात आवडलं, एक रेसिडेंट दिवसभर स्टोरी चालवतो. वॉर्ड, नोट्स, कॅन्टीन, मधेच थकलेला चेहरा. आठवड्याला ८० तासांची मर्यादा आहे, चार आठवड्यांची सरासरी धरून, पण त्या ८० तासांत माणूस कसा राहतो ते अशा स्टोरीतच दिसतं. दीड स्टार कापलाय तो व्हिसासाठी. सगळ्यांचं स्वागत आहे असं प्रत्येक पेजवर, पण जे-१ (ट्रेनिंगसाठीचा एक्स्चेंज व्हिसा) देणार की एच-१बी (नोकरीचा व्हिसा) हे शोधत बसावं लागतं, बऱ्याचदा वेबसाइटच्या कोपऱ्यात. एका प्रोग्रामच्या ओपन हाऊसमध्ये मी हेच विचारलं तर नंतर मेल करतो म्हणाले, मेल आलाच नाही, आणि नाइट ड्युटीबद्दल विचारलेल्या प्रश्नाला रेसिडेंट गप्प नि उत्तर सगळं डायरेक्टरचं. मी त्यांना यादीतून काढलं.

वेळेचं पण सांगते, तिकडे ईस्टर्न टाइमने संध्याकाळी ७ म्हणजे उन्हाळ्यात आपले पहाटे ४:३०. आई उठून विचारते, “एवढ्या पहाटे कोनाशी बोलून राह्यली तू?” तरी लाइव्हच बसा, कारण इंटर्नल मेडिसिनला ३ गोल्ड नि १२ सिल्व्हर सिग्नल (अर्जासोबत ‘मला तुमच्याकडेच यायचंय’ असं कळवायची मोजकी खूण, गोल्ड सगळ्यात वरची) मिळतात आणि गोल्ड कुणाला द्यायचा हे मला पेज बघून नाही, रेसिडेंट्स एकमेकांशी कसे बोलतात ते ऐकून ठरवता आलं.

हे बघताना सारखं वाटत होतं, आपल्या डिपार्टमेंट्सनी का करू नये? २०२३ च्या पीजी नियमांत आठवड्याची सुट्टी लिहिलीय, ती खरंच मिळते का, स्टायपेंड वेळेवर होतो का, होस्टेलला पाणी किती वाजता येतं, डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचे (पीजीत असताना जिल्ह्याच्या हॉस्पिटलात करायच्या सक्तीच्या ड्युटीचे) तीन महिने कुठे काढावे लागतात, हे नंदुरबारच्या पोरीला चॉइस भरताना कुणाच्या तरी ओळखीने फोन करूनच कळतं. ओळख नसेल तर ती आंधळेपणाने भरते आणि तीन वर्षं तिथे काढते. एका रेसिडेंटने महिन्यातून एक खरी स्टोरी टाकली तरी पुष्कळ होईल, खर्च शून्य.

आणि पेजला डीएम करून इंटरव्ह्यू मागू नका. अकाउंट बहुतेक रेसिडेंटच चालवतात, त्यांच्या हातात ते नसतं. विचारायचं तर कॉल शेड्यूल, म्हणजे ड्युट्या कशा लागतात, ते विचारा, त्याचं उत्तर मला तरी लगेच मिळालंय.