कागद कापून दाखवणारं पातं

गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या द्राक्षबागेत स्लॅशरचं, म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडायच्या गवत कापणाऱ्या यंत्राचं, पातं तुटून तुकडा उडाला. तिथून दोन ओळी पलीकडे, म्हणजे अठरा फुटांवर, चार बायका शेंडे खुडत होत्या. तुकडा ठिबकची नळी तोडून गुडघ्याच्या उंचीवर एका वेलीच्या खोडात घुसला, चांगला दोन बोटं आत. त्या खोडापासून हातभर अंतरावर मावशी उभ्या होत्या. पंधरा वर्षं त्या आमच्याकडे कामाला येतात. त्या दिवशी त्या एक पाऊल पुढे असत्या तर काय झालं असतं, हा विचार अजून रात्री झोप मोडतो. म्हणून हे लिहितोय.

दिंडोरी तालुक्यात माझी अडीच एकर बाग आहे, दोन ओळींत नऊ फुटांचं अंतर. पावसाळ्यात मधल्या पट्ट्यात केना, हरळी, गाजरगवत कमरेला लागतं. तणनाशक मी बागेत फिरवत नाही. मिनी ट्रॅक्टरला चार फुटी स्लॅशर जोडून गवत कापतो आणि जागेवरच पडू देतो, जमीन झाकलेली राहते. जुलैत लक्षात आलं की गवत कापलं जात नाही, फाटतंय. शेंडे चिंध्यांसारखे होऊन दुसऱ्या दिवशी पांढरे पडायचे, ट्रॅक्टरही दमायचा. पाती बोथट झाली होती. एरवी घरीच धार लावली असती. पण डाऊनी या द्राक्षावरच्या बुरशी रोगाच्या फवारण्या डोक्यावर होत्या, म्हणून स्लॅशर तालुक्याच्या रस्त्यावरच्या एका वर्कशॉपमध्ये नेला.

तिथल्या माणसाने पाती खोलली, बोटाने टिचकी मारली आणि म्हणाला, "भाऊ, ही संपली. आता धार लावून उपयोग नाही." मग आतून लाल रंगाची नवी जोडी आणली. बोरॉन स्टील आहे, तीन सीझन बघायचं नाही, असं सांगितलं. वर्तमानपत्राचं पान हातात धरून त्याने पातं वरून खाली ओढलं. कागद सरळ दोन तुकडे झाला. मला पटलं. कुणालाही पटलं असतं, कारण विळा-कोयत्याची धार आपण अशीच तपासतो.

पण स्लॅशरचं पातं विळ्यासारखं नसतं. ते धारेपेक्षा वेगाच्या जोरावर कापतं. पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरचा यंत्र फिरवणारा मागचा दांडा. त्याच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांचे माझा गिअरबॉक्स जवळपास १,००० करतो. चार फुटांच्या घेरात याचा अर्थ पात्याचं टोक ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या वर पळतं. त्या वेगाला खडा, मुळी, ढेकूळ सोसायचं तर धारेची कड साधारण दीड मिलिमीटर जाड लागते, रुपयाच्या नाण्याइतकी. कागद कापणारी कड पहिल्याच खड्याला दुमडते नाहीतर तिचा कपचा उडतो. आणि ग्राइंडरवर इतकी बारीक कड काढताना पातं तापून निळं पडतं. निळं पडलं म्हणजे पोलाद तीनशे अंशांच्या आसपास गेलं आणि तिथलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. त्या पात्यांच्या कडेला निळसर पट्टा होता. मी तो पाहिला होता आणि मला तो नवेपणाचा रंग वाटला.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. तो म्हणाला, "तुमची पाती बोल्टवर हलत होती, धोका होता. मी पक्की आवळून दिली." मोठं काम करून दिल्यासारखे त्याचे वेगळे सहाशे रुपये घेतले. खरं म्हणजे पातं हललंच पाहिजे. मूळ बोल्टला खांदा असतो. नट कितीही आवळला तरी पातं त्या खांद्यावर मोकळं झुलतं आणि दगड लागला की मागे वळून मार सोडून देतं. त्याने खांद्याचे बोल्ट काढून साधे घातले आणि पाती जाम केली. एकूण ४,३०० रुपये घेतले. बिल मागितलं तर म्हणाला, पक्कं बिल केलं तर वर जीएसटी भरावा लागेल, तुमचंच नुकसान. जुनी पाती मागितली तर म्हणाला, भंगाराच्या ढिगात गेली.

पहिल्याच दिवशी सीटखाली थरथर जाणवली. पाय ठेवायची पट्टी इतकी हादरायची की संध्याकाळी पोटऱ्यांना मुंग्या यायच्या. चौथ्या दिवशी गिअरबॉक्सच्या खालच्या सीलमधून तेल गळायला लागलं. फोन केला तर उत्तर मिळालं, "नवीन आहे, बसेल हळूहळू." तिथेच थांबायला हवं होतं. सहाव्या दिवशी बांधाकडच्या तोंडाला एक दगड लागला, आवाज झाला, आणि पुढचं वर सांगितलं आहे.

माझे साडू नाशिकच्या सातपूरला हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून कडक करायच्या, युनिटमध्ये तीस वर्षं काम करून निवृत्त झाले आहेत. त्यांना बोलावलं. तुटलेली कड त्यांनी उन्हात धरली आणि मला जवळ बोलावून दाखवली. अर्धी कड पांढरी, दाणेदार, चकचकीत, म्हणजे ताजी तुटलेली. उरलेली अर्धी तांबूस-काळी, गंजलेली. त्या गंजलेल्या भागाच्या काठाला लाल रंगाचा ओघळ आत उतरला होता. रंग आत गेला याचा अर्थ एकच, रंग लावायच्या आधीपासून तिथे तडा होता. तडा गेलेलं पातं रंगवून मला नवं म्हणून विकलं होतं.

मग कानस घेतली. न तुटलेल्या पात्यावर ती लोण्यात जावी तशी रुतली. ते साधं लोखंड होतं. तुटलेल्या पात्याच्या मधल्या भागावर मात्र कानस घसरत होती. साडूंच्या मते ते ट्रकच्या कमानपाट्यातून कापलेलं, लाल करून गार पाण्यात बुडवलेलं, म्हणून काचेसारखं ठिसूळ झालेलं होतं. म्हणजे ती जोडीसुद्धा नव्हती. तुकडा खोडातून काढला आणि द्राक्षाच्या पेट्या मोजायच्या काट्यावर दोन्ही वजनं केली. तुकडा धरूनही १४० ग्रॅमचा फरक आला. साडूंनी तिथेच हिशोब करून सांगितलं की एवढा फरक त्या वेगाला साठ किलोच्या आसपासचा ओढा निर्माण करतो, आणि मिनिटाला हजार वेळा त्याची दिशा फिरते. सील गळणारच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वर्कशॉपवर गेलो. "दगडावर घातलं तर कुठलंही पातं तुटेल," एवढंच तो म्हणत राहिला. बोलता बोलता माझं लक्ष भिंतीकडे गेलं. तारेला लाल रंगाची दोन पाती टांगलेली होती आणि बोल्टच्या भोकाजवळ एकाला पंचचा एक ठिपका, दुसऱ्याला दोन. मीच मारलेले ठिपके. खोलल्यावर कुठलं पातं कुठल्या बाजूचं हे कळावं म्हणून स्लॅशर घेतला त्या वर्षी मारले होते. माझी "संपलेली" पाती धार लावून, रंगवून दुसऱ्या कुणासाठी तयार होती. साडूंनी लगेच फोटो काढला. असले ठिपके सगळ्यांनाच असतात, असं तो आधी म्हणाला. फोटो पाहिल्यावर पाती आणि हजार रुपये परत दिले. उरलेले ३,३०० आणि गिअरबॉक्सच्या दुरुस्तीचे पैसे अजून अडकलेले आहेत.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, जिल्हा ग्राहक आयोगासाठी कागद गोळा करतोय. पोटापाण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू असेल तर शेतकरीही २०१९ च्या कायद्याने ग्राहक ठरतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. माझी अडचण बिलाची आहे. हातात यूपीआयची नोंद, फोटो आणि तुटलेलं पातं एवढंच आहे. तेव्हा तुम्ही पाती बदलून घ्याल तर पक्कं बिल घ्या, त्यावर "पाती, जोडी" असं लिहून घ्या. आधी फोटो काढा, आणि जुनी पाती पिशवीत घालून घरी आणा, भंगाराची असली तरी. कानस खिशात न्या. विकणारा कानस लावू देत नसेल तर तिथून निघा.

आता धार मीच लावतो. ट्रॅक्टर बंद, किल्ली खिशात, पीटीओ शाफ्ट काढलेला, आणि स्लॅशरखाली लाकडी ओंडके. नुसत्या हायड्रोलिकच्या भरवशावर खाली हात घालत नाही. धार फक्त वरच्या बाजूने, मूळ उतार धरून, थोडं घासून थांबत, पातं हाताला सोसेल इतकंच तापू देत. खालची सपाट बाजू शिवायची नाही. मग दोन्ही पाती काट्यावर, जड असेल त्याचं मागच्या टोकाकडून थोडं कमी. खांद्याचे बोल्ट कंपनीच्या डीलरकडून आणले, स्प्लिट पिन दर वेळी नवी. बसवल्यावर पातं हाताने ढकलून बघतो, झुललं पाहिजे. तडा दिसला की पातं फेकायचं, वेल्डिंग नाही. ती ठिपक्यांची जुनी पाती याच पद्धतीने अजून चालतात.

बायका बागेत असताना स्लॅशर चालवणं बंद केलं. त्या बांधावर जाऊन बसतात, मी पट्टे उरकतो. तरी मी ट्रॅक्टरवर चढलो की मावशी दर वेळी विचारतात, "भाऊ, खाली बघितलंस का?" आणि मी उतरून पुन्हा एकदा बघतो.