चादर सोलापुरी, मग विणकर कुठला?

सोलापुरी चादर हातात आली की आधी ती उलटी करून बघा. सुलट बाजूला तांबड्या जमिनीवर पांढरी फुलं असतील, तर उलट बाजूला पांढऱ्या जमिनीवर तांबडी फुलं दिसली पाहिजेत, आणि तितकीच ठसठशीत. उलट बाजू फिकट, धूसर किंवा नुसत्या लोंबत्या धाग्यांची असेल तर ती चादर ठेवून द्या, मग लेबलवर काहीही लिहिलेलं असो.

हे दोन्हीकडून सारखं दिसणं जकार्डमुळे होतं. मागाच्या डोक्यावर बसवलेल्या या यंत्रात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. प्रत्येक आडव्या धाग्याला एक पुठ्ठा. जिथे भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, आणि मधून आडवा धागा घेऊन धोटा जातो. इंचाला 30 आडवे धागे धरले तरी 90 इंच लांबीच्या चादरीत 2700 धागे होतात. म्हणून चादरभर एकच अखंड चित्र क्वचितच असतं, नक्षीचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. आता पुष्कळ ठिकाणी पुठ्ठ्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक जकार्ड आले आहेत, पण तत्त्व तेच. फुलाची कड अगदी जवळून पाहिलीत तर ती गोल नसून बारीक पायऱ्यापायऱ्यांची दिसेल. ही पायरी म्हणजे विणलेल्या नक्षीची खूण. छापील नक्षीला अशी पायरी नसते.

चादर चांगली की वाईट हा प्रश्न इथे थोडा थांबवू, कारण ती घेताना आणखी एक प्रश्न हमखास निघतो. लेबलवर मोठ्या अक्षरात ‘सोलापुरी’ आणि खाली कारखानदाराचं आडनाव: पुलगम, चाटला. ही आडनावं तेलुगू. मग ‘चादर आपली, पण विणणारे बाहेरचे’ असं बोललं जातं, आणि बोलणाऱ्याला त्यात काही वावगंही वाटत नाही. या चादरीचं परीक्षण करताना हे वाक्यही तपासायलाच हवं, कारण ‘सोलापुरी’ या शब्दासाठीच आपण जास्तीचे पैसे मोजतो.

विणकर आले ते मुख्यतः तेलंगणातून, तेव्हाच्या निजामाच्या मुलखातून. पद्मशाली, तोगटवीर, कुरुहिनशेट्टी अशा विणकर समाजांची घरं सोलापुरात वाढत गेली. पाठीमागे दुष्काळ होता आणि पुढे काम. 1877 साली इथली पहिली कापडगिरणी, म्हणजे जुनी गिरणी, उभी राहिली. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या आल्या. गिरणीत जाणारे गिरणीत गेले, बाकीच्यांनी घरात हातमाग मांडले. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली आणि शहराचा पूर्व भाग मागांच्या खडखडाटाने ओळखला जाऊ लागला. साखर पेठ, दाजी पेठ, अशोक चौक, पुढे अक्कलकोट रस्त्यावरची औद्योगिक वसाहत हा सगळा पट्टा त्यांच्या कामातून घडला.

हे लोक घरात आजही तेलुगू बोलतात, पण ते तेलुगू मराठीने भरलेलं असतं. चादरीला तेलुगूत दुप्पटी म्हणतात. मागाला तेलुगूत मग्गम, कन्नडात मग्ग, मराठीत माग. तीन भाषांत एकाच यंत्राला इतकं जवळचं नाव असलेल्या शहरात ‘खरी भाषा कोणती’ हा वाद घालणाऱ्याने ग्रामदैवतापासूनच सुरुवात करावी. सिद्धेश्वर म्हणजे सोन्नलगीचे, म्हणजे जुन्या सोलापूरचे, सिद्धरामेश्वर, आणि त्यांची वचनं कन्नडात आहेत. संक्रांतीला नंदीध्वजांच्या, म्हणजे यात्रेतल्या उंच काठ्यांच्या, मागे चालणारं अख्खं सोलापूर त्यांना परप्रांतीय म्हणत नाही. ग्रामदैवताची वचनं कन्नड, चादर विणणारे तेलुगू, बाजाराची आणि कचेरीची भाषा मराठी. हे सगळं मिळूनच या गावाचं सोलापूरपण आहे. त्यातलं एक बाजूला काढलं तर उरतं ते सोलापूर नव्हे.

12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरचे चार स्वातंत्र्यसैनिक फासावर गेले: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी. शहराने चौघांना एकाच नावाने लक्षात ठेवलं, चार हुतात्मे. तेलुगू समाजाच्या बाबतीतही शहराने मतपेटीतून उत्तर दिलेलं आहे. गंगाधर कुचन 1980 आणि 1984 साली, धर्मण्णा सादूल 1989 आणि 1991 साली सोलापूरचे खासदार झाले. दोघेही पद्मशाली. एकाच समाजाच्या मतांवर लोकसभा जिंकता येत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघू, कारण ‘सोलापुरी’ हा शब्द आता नुसता बोलण्यातला राहिलेला नाही. भौगोलिक मानांकनाचा कायदा 1999 सालचा, अंमलात आला 2003 मध्ये. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींची नोंदणी 2005-06 मध्ये झाली, म्हणजे देशातल्या अगदी सुरुवातीच्या नोंदींत त्या आहेत. कायद्याची कसोटी अशी: वस्तूचा दर्जा, लौकिक किंवा एखादा गुण मुख्यतः त्या ठिकाणामुळे आलेला असावा. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. नाव वापरायचं तर उत्पादकाने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करून घ्यायची.

यात जात, मातृभाषा, आजोबांचं गाव असलं काही विचारलेलं नाही. वस्तू कुठे बनते, एवढंच विचारलं आहे. आणि ते दोन्ही बाजूंनी लागू पडतं. सोलापूरचंच एखादं पद्मशाली कुटुंब भिवंडीला गेलं, तोच माग, तीच नक्षी, तेच हात घेऊन तिथे चादर विणू लागलं, तर ती चादर सोलापुरी नाही. उलट उद्या दुसऱ्या राज्यातून आलेला कामगार अक्कलकोट रस्त्यावरच्या मागावर उभा राहिला, तर त्याने विणलेली चादर सोलापुरीच. चादरीला लावतो ती कसोटी माणसाला लावायला आपण का कचरतो? शंभर-दीडशे वर्षं एका गावात राबून ज्यांनी त्या गावाला ओळख मिळवून दिली, त्यांना त्या ओळखीवर हक्क सांगायला कुणाची परवानगी लागू नये. त्यासाठी घरातलं तेलुगू सोडायचीही गरज नाही. नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाजाच्या मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तो सोलापूरच्याच रस्त्यांवरून निघतो, आणि तो इथलाच उत्सव आहे.

पण हक्क सांगण्यालाही एक हद्द आहे. ‘चादर म्हणजे फक्त आमच्या समाजाची’ असं कुणी म्हणू लागलं तर तेही खरं नाही. सूत रंगवणारे, पुठ्ठे ठोकणारे, कांड्या भरणारे, माग चालवणारे, काठ शिवणाऱ्या बायका, यांत सगळ्या जातीधर्मांची माणसं आहेत. ओळख वाटून घ्यावी लागते.

आता पुन्हा चादरीकडे. खऱ्या चादरीचं सूत शंभर टक्के सुती असतं. ताण्याला पीळ दिलेलं दुहेरी सूत, कारण मागावर सगळा ताण त्यालाच सोसायचा असतो. बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, त्याहून जाड, मऊ सूत, कारण ऊब आणि वजन तिथून येतं. एकेरी चादर साधारण 60 × 90 इंचांची, वजन एक ते दीड किलोच्या आसपास. दुकानात वजनकाटा मागायला संकोच करू नका. दोन चादरींत निवड करायची तर किमतीला वजनाने भागा आणि किलोमागचा दर काढा. नक्षीच्या मोहात न पडता तुलना करायची ही सगळ्यात सोपी रीत आहे.

फक्त वजनावर जाऊ नका, कारण फसवणूकही तिथेच होते. हलक्या चादरीला भरपूर खळ देऊन ती कडक आणि जड भासवली जाते. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते आणि हातात मच्छरदाणीसारखं कापड उरतं. ओळखायचं असं: चादरीचा कोपरा दोन्ही मुठींत धरून दहा-बारा वेळा जोरात चोळा. पांढरी भुकटी झडली आणि चोळलेला भाग लगेच लुळा पडला तर खळ जास्त आहे. मग ती चादर उजेडासमोर धरा. जमिनीच्या भागातून उजेडाचे ठिपके आरपार दिसत असतील तर आडवे धागे विरळ मारलेले आहेत.

दुसरी फसवणूक मिश्र सुताची. कडेचा एक धागा ओढून घ्या, दुकानाबाहेर येऊन पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचाच येतो, राख बोटांत चुरडली जाते. पॉलिस्टर वितळतं, काळा धूर येतो आणि टोकाला कडक मणी तयार होतो. पुनर्वापराच्या सुताची चादर हाताला खरखरीत लागते आणि तिच्यात मध्येच परक्या रंगाचे तंतू दिसतात: निळ्या जमिनीत एखादा लाल, एखादा काळा. असं सूत आखूड तंतूंचं असल्याने वर्षभरातच त्यावर गोळे येतात.

तिसरी गोष्ट मोकळ्या तरंगत्या धाग्यांची. नक्षी मोठी आणि वीण सैल असली की धागा बराच अंतर न बांधता तसाच पृष्ठभागावर पडून राहतो. पाव इंचापेक्षा लांब धागे असतील तर पायातली जोडवी, बांगडी, लहान मुलाचं नख त्यात अडकतं आणि धागा ओढला जातो. नक्षीवरून नख हलकेच फिरवा. अडकलं तर बारीक नक्षीची चादर घ्या. दिसायला ती साधी, पण टिकायला कितीतरी बरी.

किनारही बघून घ्या. धोट्याच्या जुन्या मागावर आडवा धागा टोकाला वळून परत येतो, त्यामुळे कड बंद आणि घट्ट असते. बिनधोट्याच्या नव्या मागावर प्रत्येक धागा टोकाला कापला जातो. तिथे कड नीट बांधलेली किंवा दुमडून शिवलेली नसेल तर ती उसवत जाते. यात नवा माग वाईट असं काही नाही, कड कशी बांधली ते महत्त्वाचं.

रंग हा मात्र या चादरीचा खरोखरच कच्चा दुवा आहे आणि उत्पादकांनी याकडे लक्ष द्यायला हवं. तांबडा, मरून, गडद निळा हे रंग पहिल्या दोन-तीन धुण्यांत बऱ्याचदा उतरतात, आणि पांढऱ्या फुलांवर गुलाबी झाक येते. दुकानातच पांढरा रुमाल ओला करून गडद भागावर दहा वेळा घासा. रुमालावर फिकट छटा आली तर चालेल, कारण ती वरवरच्या न बसलेल्या रंगाची असते. ठळक डाग पडला तर फिकट रंगाची चादर निवडा. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो अशी समजूत आहे, पण घरच्या मिठाने कच्चा रंग पक्का होत नाही. गार पाणी, सौम्य साबण, पहिले तीन वेळा एकटी धुणं आणि भिजत न ठेवणं एवढंच उपयोगी पडतं. डाग पडण्याचं खरं कारण म्हणजे ओली चादर घडी करून तासभर बादलीत राहणं. धुतली की लगेच पसरा.

आटण्याचा हिशेबही आधीच धरा. पाच टक्के आटली तरी 90 इंचांतले साडेचार इंच गेले. उंच माणसासाठी घेत असाल तर लांबीचं माप घट्ट धरून चालू नका. सुती कापड पाणी भरपूर पितं, म्हणून ओली चादर कोरडीच्या दुपटीहून जड होते. सहा किलोच्या यंत्रात एका वेळी दुहेरी एक किंवा एकेरी दोन, त्याहून जास्त नको. वाळत घालताना एकाच दोरीवर टाकली तर मधोमध ताण येऊन ती लांबते आणि नक्षी वाकडी होते. दोन दोऱ्यांवर पसरून, सावलीत वाळवा.

कोणी घ्यावी? मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती पावसाळ्यात लवकर वाळत नाही, तिथे हलक्या वजनाची घ्या. घाटावरच्या, मराठवाड्या-विदर्भाच्या कोरड्या थंडीत ती एकटी पुरते, कडाक्यात दोन. बाळाच्या अंगावर थेट घालायची तर पाच-सहा धुण्यांनंतर, तोवर ती मऊ होते. पलंगावर अंथरायला ती थोडी जड आणि खरबरीत वाटेल, तिचं खरं काम पांघरण्याचं.

एक खंत आहे. सोलापुरातले बरेच माग आता टॉवेलकडे वळले आहेत, कारण मागणी तिकडे आहे. त्यामुळे बाजारात ‘सोलापुरी’ नावाने जे मिळतं त्यातलं बरंचसं दुसरीकडचं असू शकतं. म्हणून लेबल नीट वाचा. ‘सोलापुरी पद्धतीची’, ‘सोलापुरी डिझाइन’ असे शब्द असतील तर ती सोलापूरची नाही असंच धरा. उत्पादकाचं नाव, पूर्ण पत्ता आणि 4130 ने सुरू होणारा पिनकोड शोधा. मानांकनाची खूण आणि अधिकृत वापरकर्त्याचा क्रमांक असेल तर उत्तम. फक्त विक्रेत्याचं नाव आणि दूरच्या शहराचा पत्ता असेल तर विचारा, बनली कुठे? पत्ता सोलापूरचा असेल, तर त्यावरचं आडनाव तेलुगू असलं तरी निःशंक घ्या.