मोतीबिंदू: फेको की हाताने?

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन फेकोने, म्हणजे मशीनने झालं, मामांचं शिबिरात एसआयसीएसने, म्हणजे लहान छेदातून हाताने. टाके बहुधा दोन्हींत नसतात, फरक छेदाचा. फेकोत दोन-तीन मिलिमीटरच्या फटीतून ध्वनिलहरींनी मोतीबिंदूचा चुरा करून ओढून घेतात आणि घडीची लेन्स आत उलगडते. हाताच्या पद्धतीत छेद सहा-सात मिलिमीटरचा, मोतीबिंदूचा गाभा अख्खा बाहेर.

आईचा डोळा नुसत्या थेंबांनी बधिर केला. दुसऱ्या दिवशी तिला भिंतीवरच्या कालनिर्णयातल्या तिथी दिसल्या, आणि ओट्यामागच्या टाइल्सवरचे तेलाचे डागही! मामांना डोळ्याशेजारी इंजेक्शन, मग पट्टी, आठवडाभर लाली नि खुपणं. दीड महिन्याने दूरचं दोघांनाही सारखंच दिसू लागलं. मामांना चष्म्याचा सिलिंडरचा नंबर (बुबुळाच्या असमान गोलाईमुळे येणारा) तेवढा जास्त.

फेको महाग, कारण मशीन महाग. पण ‘पिकू दे अजून’ म्हणत वर्षानुवर्षं ठेवलेला, तपकिरी, कडक मोतीबिंदू असेल तर हाताची पद्धत अनेकदा जास्त सुरक्षित. तिथे फेकोचा हट्ट धरू नये. ऑपरेशननंतरचे औषधाचे थेंब मात्र दोन्हीकडे चार-सहा आठवडे. आणि दूरचं दाखवणारी साधी लेन्स बसवली, तर पेपर वाचायला चष्मा लागणारच.